खंड-सहबहुवारिकांची अतिरेणवीय स्वयंरचना
दोन किंवा अधिक भिन्न बहुवारिकांचे लांब खंड एकाच रेणुशृंखलेत जोडलेले असल्यास त्या संयुगास खंड-सहबहुवारिक म्हणतात. तेल व पाणी यांप्रमाणे हे खंड परस्परांत मिसळत नाहीत. मात्र रासायनिक बंधाने जखडलेले असल्यामुळे ते एकमेकांपासून दूरही जाऊ शकत नाहीत. परिणामी सु. १० ते १०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = १ मीटरचा अब्जावा भाग) आकारमानाचे थर, दंडगोल किंवा गोल पदार्थात आपोआप तयार होतात. यास स्वयंरचना म्हणतात.

अशा शृंखला हव्या त्या लांबीच्या बनविणे १९५६ मध्ये शक्य झाले. मूळचे पोलंडमधील अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ मायकेल श्वार्त्स यांच्या ‘जिवंत’ बहुवारिकीकरणात एक एकवारिक संपले, तरी शृंखलेचे टोक क्रियाशील राहते व दुसरे एकवारिक मिसळताच ती पुढे वाढू लागते. स्टायरीन व ब्युटाडाइन यांचे त्रिखंडी रबर शेल कंपनीने १९६५ मध्ये बाजारात आणले. व्हल्कनीकरणाशिवाय लवचिक राहणारे हे रबर तापवून पुन्हा साच्यात घालता येते. तथापि श्वार्त्स यांची पद्धत हवा व आर्द्रता यांचा लेशही सहन करीत नाही आणि रचना बदलावयाची, तर नवी शृंखलाच घडवावी लागे. खरी अडचण हीच होती.

तिच्यावरील तोड दुर्बल बंधांत सापडली. रेणूंना हायड्रोजन बंधासारख्या सैल बंधांनी एकत्र आणणाऱ्या अतिरेणवीय रसायनशास्त्रास १९८७ मध्ये चार्ल्स पेडर्सन, डॉनल्ड क्रॅम व झां-मारी लेन यांच्या नोबेल पारितोषिकाने प्रतिष्ठा लाभली होती. फिनलंडमधील ओली इक्काला व नेदर्लंड्समधील गेरिट टेन ब्रिंके यांच्या गटांनी पॉलिस्टायरीन व पॉलिव्हिनिलपिरिडीन यांच्या द्विखंडी शृंखलेत पेंटाडेसिल फिनॉल नुसते मिसळले. (कोकण-गोव्याच्या परिचयाच्या काजूच्या टरफलातील तेलापासून हे फिनॉल बनविता येते.) त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी फक्त पिरिडीन-खंडाला चिकटतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात मोठ्या रचनेच्या पोटात काही नॅनोमीटर जाडीच्या थरांची दुसरी रचना आढळली. आम्ल मिसळलेल्या नमुन्यांत तापमानानुसार या रचना बदलून विद्युत् संवाहकताही बदलते. फिनॉलाचे प्रमाण वाढविले की थरांऐवजी दंडगोल मिळतात. त्यासाठी नव्याने संश्लेषण करावे लागत नाही.

सैल बंधाचा दुसरा लाभ म्हणजे काम झाल्यावर फिनॉल विद्रावकाने धुऊन काढता येते. पिरिडीन-खंड दंडगोलांच्या आत असल्यास मागे पोकळ नलिका उरतात व त्यांच्या आतील भिंतींवर त्या खंडाच्या शृंखला केसांप्रमाणे रोवलेल्या राहतात.