वालचंदांचा कारखाना आणि चिमुकलं नॅट

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना जहाजं, साखर, मोटारी या सगळ्यांत रस होता. विमानं तेवढी राहिली होती. १९३९ साली पॅसिफिक महासागरावरच्या प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी पडली. पॉलींनी चीनमध्ये विमानं बांधली होती. मग भारतात का नको? डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीनं बंगळूरला ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी हार्लो जातीचं प्रशिक्षण विमान तिथून बाहेर पडलं.

दुसरं महायुद्ध पूर्वेकडून अंगावर आलं तसं १९४२ मध्ये सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. नवी विमानं मागे पडली आणि कारखाना मित्रराष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती करू लागला. वालचंदांना हे कितपत रुचलं असेल? पण याच दुरुस्तीतून धातूचे पत्रे वाकवणारे, रिव्हेट ठोकणारे, इंजिनं उघडून परत बसवणारे हात तयार झाले.

हे हात पुढे नॅट या लढाऊ विमानाला लागले. कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानाचा ब्रिटिश रचनाकार टेडी पेटर वाढत्या वजनाच्या, वाढत्या किमतीच्या लढाऊ विमानांवर वैतागला होता. त्यानं जेमतेम पावणेनऊ मीटर लांबीचं विमान आखलं. काटकसर इतकी की हवेत असताना वेग मारायला वेगळी सोय नव्हती. चाकं अर्धवट खाली सोडली की तीच ब्रेकचं काम करत. ब्रिटिश हवाई दलानं त्याचं लढाऊ रूप घेतलंच नाही, फक्त प्रशिक्षण विमान घेतलं. भारतानं मात्र १९५६ मध्ये परवाना घेतला आणि पुढे बंगळूरला दोनशेच्या आसपास नॅट बांधली. गरीब देशाला परवडणारा सौदा होता, यात शंका नाही. पण हायड्रॉलिकच्या आणि शेपटीच्या नियंत्रणाच्या तक्रारी, मोक्याच्या क्षणी अडकणारी तोफ, या गोष्टींनी कारखाना आणि वैमानिक दोघांचीही झोप उडवली.

१ सप्टेंबर १९६५ ला, पाकिस्तानशी युद्धात, छांब भागात जुनी व्हॅम्पायर विमानं उडाली आणि चार गमावली गेली. तीही बंगळूरचीच घडण, पण जमाना त्यांच्यापुढे निघून गेला होता. ३ तारखेला पठाणकोटहून डाव टाकला गेला: मिस्टेअर विमानं उंचावर आमिष म्हणून, नॅट खाली, रडारला चुकवत. नॅटचे वैमानिक ट्रेव्हर कीलर यांनी पाकिस्तानी सेबर विमान पाडल्याचं भारतानं नोंदवलं. पाकिस्ताननं ते कबूल केलं नाही. त्याच दिवशी भारतीय वैमानिक सिकंद यांचं नॅट पाकिस्तानातल्या पसरूरला उतरलं आणि शत्रूच्या हाती लागलं. आजही ते कराचीच्या संग्रहालयात उभं आहे. तरी त्या युद्धानंतर नॅटला ‘सेबर स्लेअर’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

पुढची गाठ पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर पडली. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बॉयराच्या आकाशात डमडमच्या चार नॅटनी सेबरांना गाठलं. दोन पाकिस्तानी वैमानिक हवाई छत्रीनं उतरले आणि पकडले गेले. त्यांतले परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले.

श्रीनगरची गोष्ट वेगळी. १४ डिसेंबरच्या सकाळी सहा सेबर धावपट्टीवर बॉम्ब टाकत असतानाच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी नॅट उडवलं. पुढे उडालेला जोडीदार नजरेआड झाला होता. एकट्यानं त्यांनी सेबरांशी झुंज घेतली, त्यांच्यावर गोळे डागले, आणि शेवटी संख्येपुढे त्यांचा नाइलाज झाला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. हवाई दलातला हा मान अजून दुसऱ्या कुणाकडे नाही. विमानाचे अवशेष एका घळीत सापडले, सेखों यांचा देह मात्र मिळाला नाही.