मुलांच्या हाती मुलं: कार्यक्रम चालू ठेवायचा की थांबवायचा?

आजचा विषय श्रोत्यांकडूनच आलाय. आपल्या श्रोत्यांमध्ये शिक्षक बरेच आहेत आणि त्यांच्यापैकी काहींच्या शाळेत सध्या एकाच गोष्टीवर खल चाललाय. वर्ष-दीड वर्षापूर्वी शाळेत मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी एक कार्यक्रम सुरू झाला. आठवी-नववीतली काही मुलं निवडली, त्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, छातीवर बिल्ला लावला आणि सांगितलं: वर्गात कुणी गप्प गप्प असेल, कुणाला त्रास होत असेल, तर तुम्ही त्याच्याशी बोला. आता पैसे संपत आलेत. समितीला ठरवायचंय, पुढे न्यायचं की इथेच थांबायचं.

बैठकीत टेबलावर काय असतं? फोटो. अभिप्रायाचे फॉर्म. "खूप छान वाटलं" हे वाक्य पन्नास वेळा. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. एखादं फीचर लोकांना आवडलं, एवढ्यावर ते ठेवायचं नसतं, ज्या कामासाठी बनवलं ते काम झालं का हे बघायचं असतं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. शाळांच्या बाबतीत हाच धडा इतिहासात चार-पाच वेळा गिरवला गेलाय, आणि त्यातला पहिला प्रसंग आपल्याच देशातला आहे.

साल १७८९. मद्रासमधल्या एग्मोर इथे लष्करातल्या लोकांच्या अनाथ मुलग्यांसाठी एक आश्रम होता. तिथे अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री अधीक्षक म्हणून आला. जवळपासच्या देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यानं पाहिली. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असायची, तसलाच प्रकार. बेलला वाटलं, आपणही हे करावं. पण त्याच्या हाताखालचे मास्तर काही तयार होईनात. मग त्यानं आठेक वर्षांच्या एका मुलाला, जॉन फ्रिस्केनला, खालच्या वर्गाला अक्षरं शिकवायला बसवलं. जमलं! हळूहळू अख्खी शाळा मुलंच मुलांना शिकवताहेत अशी झाली. १७९७ मध्ये बेलनं लंडनमध्ये यावर पुस्तिका छापली. पाठोपाठ जोसेफ लँकेस्टरनंही लंडनमध्ये तशीच शाळा काढली. पुढे ही पद्धत जगभर गेली आणि १८२०च्या दशकात मुंबई इलाख्यात मराठी शाळा काढणाऱ्यांच्याही डोळ्यांसमोर तीच होती.

आता बघा, ती इतकी पसरली का? मुख्य कारण, स्वस्त पडायची. एक मास्तर आणि शेकडो मुलं, खर्च जवळजवळ शून्य. मोजलं काय जायचं, तर किती मुलं बसली आणि किती पैसे वाचले. मुलांना नेमकं काय आलं हे इंग्लंडमध्ये सरकारी तपासनीस १८४०च्या सुमारास शाळाशाळांत जाऊन बघायला लागले, तेव्हा पोपटपंची उघडी पडली. दहा-अकरा वर्षांच्या मॉनिटरला स्वतःलाच धडा पुरता समजलेला नसायचा. १८४६ मध्ये तिथल्या सरकारनं नवी पद्धत आणली. तेरा वर्षांच्या पुढची मुलं निवडायची, पाच वर्षं उमेदवारी, वर्षाला ठरलेलं वेतन, आणि हेडमास्तरकडून रोज शिकवणी. म्हणजे मुलांना कामातून पूर्ण काढलं नाही. त्यांच्यामागे एक मोठं माणूस उभं केलं आणि त्यासाठी पैसे मोजले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

मद्रासचा प्रयोग शिकवण्याचा होता, सावरण्याचा नव्हता. मुलांना सावरण्याच्या कार्यक्रमांचा सगळ्यात अस्वस्थ करणारा हिशेब अमेरिकेतला आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. ५०६ मुलगे घेतले, परिस्थितीनं सारख्या असणाऱ्या दोघांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतला कोण कार्यक्रमात जाणार हे नाणं उडवून ठरवलं. कार्यक्रमातल्या मुलाच्या घरी सल्लागार यायचा, अभ्यासात मदत व्हायची, डॉक्टर मिळायचा, उन्हाळी शिबिराला पाठवलं जायचं. १९४५ मध्ये प्रयोग संपला.

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेनं ही माणसं शोधून काढली आणि १९७८ मध्ये निकाल छापला. कार्यक्रमातल्या सुमारे दोनतृतीयांश लोकांनी सांगितलं की आम्हाला याचा फायदा झाला. त्यांच्या मनात खरोखरच कृतज्ञता होती. पण प्रत्यक्ष नोंदी काढल्या तर जोडीतल्या दुसऱ्या मुलापेक्षा यांचीच अवस्था वाईट. दारूच्या व्यसनाच्या खुणा, पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण, लवकर मृत्यू, अशा सात गोष्टींत कार्यक्रमातली मुलं मागे. पुढे १९९९ मध्ये टॉम डिशियन आणि फ्रँस्वा पुलँ या अभ्यासकांसोबत मॅकॉर्डनी आणखी खोलात पाहिलं. नुकसान सगळ्यांचं सारखं नव्हतं. एकापेक्षा जास्त वेळा उन्हाळी शिबिराला गेलेल्या मुलांमध्ये ते गोळा झालं होतं. म्हणजे संशय गेला तो अडचणीतली मुलं एकत्र आणून एकमेकांच्या संगतीत सोडण्यावर. संगतीचा असर दोन्ही बाजूंनी चालतो, हे आपल्या आज्या सांगतच होत्या म्हणा, पण इथे ते आकड्यांत आलं.

त्याआधी १९८७ मध्ये शिकागोच्या सरकारी शाळांमधल्या एका कार्यक्रमाची तपासणी गॅरी गॉटफ्रेडसन यांनी प्रसिद्ध केली होती. तिथे मुलांचे गट करून, त्या गटाच्याच दबावातून वागणूक सुधारायची असा बेत होता. हायस्कूलच्या वयाच्या मुलांमध्ये परिणाम उलटेच दिसले.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग बंदच करा की! थांबा. दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे.

इंग्लंडचा पश्चिम भाग आणि वेल्स इथल्या ५९ शाळा, १२-१३ वर्षांची दहा हजारांहून जास्त मुलं, आणि सिगारेट सुरू होऊ नये म्हणून आखलेला 'असिस्ट' नावाचा कार्यक्रम. २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याचा निकाल आला. यात पुढारी मुलं शिक्षकांनी निवडली नाहीत. वर्गालाच विचारलं: तुम्ही कुणाचं ऐकता? कुणाकडे बघून वागता? ज्यांची नावं सगळ्यात जास्त आली ती मुलं घेतली, मग ती शिक्षकांच्या मते वांड का असेनात. त्यांना शाळेबाहेर नेऊन दोन दिवस तयार केलं आणि दहा आठवडे आपल्या मित्रांशी सहज गप्पांत हा विषय काढायला सांगितलं. भाषण नाही, फळ्यासमोर उभं राहणं नाही. प्रशिक्षक अधूनमधून येऊन त्यांना भेटत राहिले. नेहमीसारख्या चाललेल्या शाळांशी तुलना केली तर सिगारेट ओढण्याची शक्यता साधारण पाचव्या हिश्शानं कमी झाली होती. मात्र दुसऱ्या वर्षाअखेर हा परिणाम उतरणीला लागला.

आता गंमत पुढे आहे. तीच पाककृती घेऊन इंग्लंडमध्येच 'प्लॅन-ए' हा कार्यक्रम झाला, १३-१४ वर्षांच्या मुलींनी जास्त खेळावं, हालचाल करावी म्हणून. निवड तशीच, प्रशिक्षण तसंच, दहा आठवडे तसेच. सहा शाळांतल्या चाचणीत आशा दिसली. मग २० शाळांत आणि दीड हजारांहून जास्त मुलींवर मोठा अभ्यास झाला, आणि मुलींची हालचाल काडीनंही वाढली नव्हती. पद्धत एकच, एका कामाला चालली, दुसऱ्याला नाही. म्हणून "समवयस्कांचे कार्यक्रम चालतात का?" हा प्रश्नच अर्धवट आहे. कशासाठी, हे आधी सांगावं लागतं.

मनाच्या आरोग्याकडे येऊ. अमेरिकेत 'सोर्सेस ऑफ स्ट्रेंग्थ' नावाचा आत्महत्या टाळण्यासाठीचा कार्यक्रम १९९८ पासून आहे. त्याची १८ हायस्कुलांमधली तपासणी २०१० मध्ये आली. इथे मुलांना समुपदेशक बनवलेलं नाही. त्यांचं काम दोनच: मदत मागण्यात कमीपणा नाही हे वातावरण तयार करायचं, आणि मित्र संकटात दिसला तर त्याला विश्वासातल्या मोठ्या माणसापर्यंत न्यायचं. मोठ्या शाळांमध्ये प्रशिक्षित मुलं अशा मित्राची गोष्ट मोठ्यांपर्यंत नेण्याची शक्यता इतरांच्या सुमारे चौपट होती. आणि सगळ्यात जास्त फायदा कुणाला झाला? सुरुवातीला ज्यांच्या मनात मदत मागण्याबद्दल सगळ्यात कमी विश्वास होता, त्या पुढारी मुलांना. म्हणजे फक्त हुशार, गुणी, पहिल्या बाकावरची मुलं निवडणाऱ्या शाळांनी हे जरा ऐकून ठेवावं.

आपल्याकडे काय झालं? केंद्र सरकारनं २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्यात गावागावांत 'साथिया' म्हणून मुलं-मुली नेमण्याची कल्पना आहे. २०२० मध्ये आयुष्मान भारतचा शालेय आरोग्य कार्यक्रम आला, त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांवर मुख्य भार आहे. आणि याच्या मधल्या काळात बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहेर' नावाचा अभ्यास झाला, गोव्याच्या 'संगाथ' या संस्थेचा. त्यात मनातलं लिहून टाकण्यासाठी पेटी होती, भित्तिपत्रक होतं, मुलांचे गट होते, एकेकट्याशी बोलण्याची सोय होती. काही शाळांत हे सगळं चालवायला बाहेरून एक प्रशिक्षित, पूर्णवेळ माणूस दिला. हा मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, साधा स्थानिक पदवीधर. काही शाळांत हेच काम तिथल्याच शिक्षकाकडे दिलं. उरलेल्या शाळांत यातलं काहीच नव्हतं.

२०१८ मध्ये निकाल आला. पूर्णवेळ माणूस होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं, दादागिरी आणि मारामारी कमी झाली. शिक्षकाकडे दिलं होतं तिथे जवळपास काहीच हललं नाही. शिक्षक वाईट होते का? अजिबात नाही. कार्यक्रम तोच, पण शिक्षकाला तास घ्यायचे असतात, निवडणुकीची कामं असतात, आणि ज्याच्या हातात मार्क असतात त्याच्यापाशी मूल मन मोकळं करताना बिचकतं. दुसऱ्या वर्षी तपासलं तर बाहेरून माणूस दिलेल्या शाळांतला फरक आणखी वाढला होता. पहिल्या वर्षाअखेर कुणी "ठीक आहे, झालं" म्हणून बंद केलं असतं, तर हे दिसलंच नसतं.

आणि बंद करण्याचा आपला इतिहासही फारसा अभिमानाचा नाही. २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. का? पुस्तिकेतली चित्रं आणि मजकूर मोठ्यांना खटकला म्हणून. मुलांवर काय परिणाम झाला, हे कुणी टेबलावर ठेवलंच नाही. आवडला म्हणून चालू आणि खटकला म्हणून बंद, या दोन्हींत मूल गैरहजरच.

तर मग समितीनं काय बघावं? माझ्या मते चार गोष्टी.

पहिली, काय बदलायला हवं होतं ते एका वाक्यात लिहा. "मुलांचं कल्याण" असं नको. "त्रासातलं मूल महिन्याच्या आत कुणातरी मोठ्यापर्यंत पोचलं पाहिजे" असं काहीतरी मोजता येणारं.

दुसरी, तुलना ठेवा. दोन तुकड्यांत कार्यक्रम आहे आणि दोन तुकड्यांत पुढच्या सत्रात येणार आहे, एवढं केलं तरी पुष्कळ. लगेच मोजा आणि वर्षानंतर पुन्हा मोजा.

तिसरी, बिल्लेवाल्या मुलांना स्वतंत्रपणे विचारा. तेरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीनं काही गंभीर सांगितलं आणि वर "कुणाला सांगू नकोस" म्हणून शपथ घातली, तर ती रात्री झोपते कशी? हा प्रश्न फॉर्मवर नसेल तर फॉर्म अपुरा आहे.

चौथी, तिच्यामागे कोण उभं आहे त्याचं नाव विचारा. नाव, फोन, आणि आठवड्याचा ठरलेला वेळ. ते नाव सांगता येत नसेल, तर जोपर्यंत माणूस मिळत नाही तोपर्यंत मुलांच्या खांद्यावरचं हे काम उतरवा. पैसे कमी असतील तर शिबिर कमी करा, टी-शर्ट छापू नका, समारोपाचा कार्यक्रम गाळा, पण तो माणूस ठेवा. इंग्लंडला हे उमगायला मद्रासनंतर सत्तावन्न वर्षं लागली.

माणूस आहे, मुलांना झेपतंय आणि मोजणीत काही हलताना दिसतंय, तर एका वर्षात बंद करू नका, दुसरं वर्ष द्या. मोजणीत काही हललं नाही आणि मुलं दमलेली दिसताहेत, तर फोटो कितीही छान असोत, थांबवा. आणि का थांबवलं ते त्या मुलांना समोर बसवून सांगा, कारण त्यांनी मनापासून केलं होतं.

तुमच्या शाळेत काय ठरलं ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.