जुन्या लांकडाचें मोल

आमचें जुनें घर उतरविलें, तेव्हां त्याच्या सागवानी तुळया आम्ही जळणाच्या भावानें जाऊं दिल्या. ती चूक पुढें ‘गँजीस’चा इतिहास वाचतांना उमगली.

गंगेचें इंग्रजी नांव धारण करणारें हें ८४ तोफांचें आरमारी जहाज १८२१ सालीं मुंबईच्या गोदींत मलबारी सागाचें बांधलें गेलें. मलबारांत साग तोडण्यापूर्वीं बुंध्याभोंवतीं खोल खांच पाडून झाड उभेंच वाळूं देण्याची चाल होती. कारण ओला साग पाण्यांत बुडतो, वाळलेला नदींतून तरंगत नेतां येतो. शिवाय ओलें लांकूड घडल्यावर आकसतें, वाकतें, तडकतें. त्यास आधीं काळच द्यावा लागतो. १९३० सालीं, म्हणजे १०९ वर्षांनीं, जहाज मोडण्यांत आलें. तरी त्यांतील कप्तानाची खोली सरपणांत गेली नाहीं. ती इंग्लंडांतील बर्ग बेटावरील हॉटेलांत बसविण्यांत आली.

वाड्यांच्या तुळयाही अशाच मुरलेल्या असतात. खिळे उपसून, वाळवी पाहून, भिजल्या असल्यास मध्यें पट्ट्या घालून सावलींत रचल्या, तर त्यांतून घरच्या घरीं पाट, फडताळें, मेजें घडतील. सुकण्यांत गेलेलीं इतकीं वर्षें सरपणाच्या भावानें विकणें हा कांहीं शहाणपणाचा हिशेब नव्हे.