अडतीचा दर आणि ग्राहकाचे खाते : पीसी गेमच्या डिजिटल वितरणमार्गांचा इतिहास

प्रस्तावना

संगणकीय खेळांच्या इतिहासलेखनात खेळांचे कर्ते, त्यांचे तंत्रज्ञान आणि गाजलेल्या कृती यांना जेवढी जागा मिळाली आहे, तेवढी ते खेळ ग्राहकापर्यंत नेणाऱ्या मार्गांना मिळालेली नाही. वस्तुतः गेल्या तीन दशकांत या व्यवसायातील सत्तेची वाटणी ज्या प्रश्नाभोवती बदलत गेली, तो प्रश्न वितरणाचाच आहे. तयार झालेला गेम प्रकाशकाने कोणत्या दुकानातून विकावा? वरवर पाहता याचे उत्तर साध्या हिशेबाचे वाटते. जो मध्यस्थ कमी अडत घेईल त्याच्याकडे माल द्यावा, हे आपल्याकडील बाजार समितीत शेतमाल आणणाऱ्यालाही कळते. परंतु पीसी गेमच्या प्रकाशकांनी घेतलेले निर्णय या हिशेबाशी जुळत नाहीत. १२ टक्के अडत घेणारे दुकान २०१८ मध्ये उघडल्यानंतरही बहुतेक प्रकाशकांनी ३० टक्के घेणारे दुकान सोडले नाही. आणि जे मोठे प्रकाशक ते सोडून गेले होते, ते काही वर्षांत परतले. या विसंगतीचा उलगडा अडतीच्या दरातून होत नाही. ग्राहकाचे खाते कोणाच्या ताब्यात आहे, या बाबीतून तो होतो, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. हे निर्णय मुख्यतः अमेरिकेत व युरोपात झाले असल्याने विवेचनही प्राधान्याने तेथील आहे.

दुकानातील फळी आणि तिच्यावरील पहिला तोडगा

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पीसी गेम म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलेल्या फ्लॉपी, आणि नंतर सीडी. ही खोकी दुकानाच्या फळीवर यायची, तर निर्मात्याला प्रकाशक, प्रकाशकाला वितरक आणि वितरकाला दुकानदार लागत असे. फळी मर्यादित, खेळ अनेक. परिणामी काही आठवड्यांत न खपलेला माल मागे घेण्याची पाळी प्रकाशकावर येई आणि त्याचा भार शेवटी निर्मात्याच्या वाट्यावर पडे.

या साखळीला वळसा घालण्याचा पहिला परिणामकारक मार्ग इंटरनेटच्या सार्वत्रिक प्रसारापूर्वीच सापडला होता. टेक्सासमधील अ‍ॅपोजी या संस्थेचे स्कॉट मिलर यांनी १९८७ मध्ये ‘किंगडम ऑफ क्रोझ’ या खेळापासून एक पद्धत रूढ केली : खेळाचा पहिला भाग फुकट वाटावा, उरलेले भाग टपालाने विकावेत. ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’ (१९९२) याच पद्धतीने पसरला. १० डिसेंबर १९९३ रोजी इड सॉफ्टवेअरने ‘डूम’चा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढविला, तेव्हा तो उतरवून घेण्यासाठी झालेल्या गर्दीने तेथील यंत्रणा कोलमडली. तथापि लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. ज्या संस्थेने दुकानाशिवाय विकून दाखविले, तिनेच १९९४ मध्ये ‘डूम २’ मात्र खोक्यात घालून दुकानांतून विकला. फुकट भाग तारेने पोहोचत होता, पैसे मात्र अजून फळीवरच होते.

व्हॉल्व्ह आणि सिएरा : एका कराराचा वाद

डिजिटल वितरणाचा खरा आरंभ एका तांत्रिक अडचणीतून आणि एका न्यायालयीन वादातून झाला. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूएल व माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ मध्ये व्हॉल्व्ह ही संस्था काढली. तिचा पहिला खेळ ‘हाफ-लाइफ’ (१९९८) सिएरा या प्रकाशकाने बाजारात आणला. सिएरा पुढे व्हिव्हेंडी या फ्रेंच समूहाच्या मालकीची झाली. ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या सामूहिक खेळात प्रत्येक सुधारणा सर्व खेळाडूंपर्यंत एकाच वेळी पोहोचणे आवश्यक असे. ती पोहोचेपर्यंत खेळाडूंचे दोन तट पडत, एकाकडे जुनी आवृत्ती आणि दुसऱ्याकडे नवी. ही अडचण दूर करणारी व्यवस्था अन्य कंपन्यांनी उभारावी असा व्हॉल्व्हचा प्रयत्न होता. कोणी पुढे न आल्याने तिने ती स्वतः उभारली. मार्च २००२ मध्ये ‘स्टीम’ची घोषणा झाली आणि १२ सप्टेंबर २००३ रोजी ती सर्वांसाठी खुली झाली.

याच सुमारास, ऑगस्ट २००२ मध्ये, व्हॉल्व्हने आपल्याच प्रकाशकाविरुद्ध सिएटलच्या संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला. सायबर कॅफेंना खेळ पुरविण्याचा हक्क करारात दिलेला नसताना प्रकाशकाने तसा पुरवठा केला, ही तक्रार होती. प्रकाशकाचा प्रतिदावा इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. २००१ च्या कराराची बोलणी चालू असताना व्हॉल्व्हने स्टीमची योजना आपल्यापासून लपविली, असा आरोप त्यात होता. म्हणजे ऑनलाइन विक्रीचा हक्क निर्मात्याकडे राहू देताना त्या हक्काचे मोल काय, हे प्रकाशकाच्या लक्षात आले नव्हते, आणि लक्षात आले तेव्हा करारावर सह्या झालेल्या होत्या. नोव्हेंबर २००४ मध्ये न्यायाधीश थॉमस झिली यांनी सायबर कॅफेंबाबतचा निर्णय व्हॉल्व्हच्या बाजूने दिला. एप्रिल २००५ मध्ये तडजोड होऊन व्हिव्हेंडीने व्हॉल्व्हच्या खेळांचे दुकानांतील वितरण त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर थांबविण्याचे मान्य केले. त्यानंतर खोक्यांचे वितरण इलेक्ट्रॉनिक आर्ट्स (ईए) या प्रकाशकाकडे गेले. आता मात्र खोके हा दुय्यम मार्ग ठरला होता.

कारण वाद निकाली निघण्याआधीच निर्णायक पाऊल पडले होते. १६ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसिद्ध झालेला ‘हाफ-लाइफ २’ दुकानातून सीडीच्या रूपात घेतला तरी स्टीमवर खाते उघडल्याशिवाय चालू होत नसे. त्या वेळी खेळाडूंनी यावर बराच संताप व्यक्त केला आणि तो अकारण नव्हता. पैसे दुकानदाराला दिले, वस्तू घरी आणली, तरी ती वापरण्याची परवानगी तिसऱ्याकडेच मागायची, हा अनुभव तोवर बहुतेकांना अपरिचित होता. परंतु त्या एका अटीने दुकानदाराचे गिऱ्हाईक व्हॉल्व्हचे खातेदार झाले.

प्रकाशकांनी स्वतःच उघडलेले दार

ऑक्टोबर २००५ मध्ये ‘रॅग डॉल कुंग फू’ आणि डिसेंबरमध्ये ‘डार्विनिया’ हे इतरांनी बनविलेले खेळ स्टीमवर आले. २००७ पर्यंत आयडॉस, कॅपकॉम, अ‍ॅक्टिव्हिजन, टीएचक्यू हे मोठे प्रकाशकही आले. जानेवारी २००८ मध्ये व्हॉल्व्हने ‘स्टीमवर्क्स’ हा साधनसंच विनामूल्य देऊ केला. खेळाडूंची जुळणी, सुधारणांचा पुरवठा आणि नकलेला आळा हे सारे त्यात होते. फुकट मिळणाऱ्या या सोयीची खरी किंमत १० नोव्हेंबर २००९ रोजी दिसून आली. अ‍ॅक्टिव्हिजनचा ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ स्टीमवर्क्सवर बेतलेला असल्याने कोठूनही घेतला तरी स्टीमचे खाते अनिवार्य होते. डायरेक्ट२ड्राइव्ह, इम्पल्स आणि गेमर्सगेट या प्रतिस्पर्धी ऑनलाइन दुकानांनी तो विकण्यास नकार दिला. आपल्याच गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला शेजारच्या दुकानाचा पत्ता सांगण्यासारखे ते होते. त्यांचा नकार तर्कशुद्ध होता. परंतु वर्षातील सर्वांत गाजणारा खेळ नाकारून दुकान चालविणे सोपे नव्हते. इम्पल्स २०११ मध्ये गेमस्टॉपने विकत घेतले आणि काही वर्षांत ते बंद पडले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. स्टीमचे वर्चस्व केवळ व्हॉल्व्हच्या चातुर्याने निर्माण झाले नाही. प्रकाशकांनी प्रत्येक खेळागणिक आपला ग्राहक तिच्या स्वाधीन केला. त्या क्षणी तो निर्णय सोयीचा, स्वस्त आणि बिनधोक होता.

सोडून जाणे आणि परतणे

परिणाम ध्यानात आल्यावर मोठ्या प्रकाशकांनी स्वतःची दुकाने काढली. ईएने जून २०११ मध्ये ‘ओरिजिन’ सुरू केले आणि ‘बॅटलफील्ड ३’ स्टीमवर दिला नाही. युबिसॉफ्टने ‘युप्ले’ चालविले, अ‍ॅक्टिव्हिजनने २०१७ पासून आपले नवे खेळ बॅटल.नेटवर नेले, बेथेस्डाने ‘फॉलआउट ७६’ (२०१८) केवळ स्वतःच्या दुकानात ठेवला. बेथेस्डा एप्रिल २०२० मध्येच तो खेळ घेऊन स्टीमवर परतली. ईएने ऑक्टोबर २०१९ मध्ये परतण्याची घोषणा केली होती. २०२२ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन आणि युबिसॉफ्ट हेही आले. स्वतःच्या दुकानात अडत शून्य असते, हे खरे. पण तेथे येणारा ग्राहक त्या एकाच प्रकाशकाच्या खेळासाठी येतो आणि खेळ संपला की जातो. ज्या खात्यात त्याचे दहा वर्षांचे खेळ आणि मित्रांची यादी आहे, तेथे तो रोज असतो.

या पार्श्वभूमीवर एपिक गेम्सचा प्रयोग अभ्यासनीय ठरतो. ‘फोर्टनाइट’मुळे कोट्यवधी खातेदार हाताशी असलेल्या या संस्थेने ६ डिसेंबर २०१८ रोजी केवळ १२ टक्के अडतीचे दुकान उघडले. त्याच्या अवघे काही दिवस आधी, ३० नोव्हेंबरला, व्हॉल्व्हने आपले दर बदलले होते : १ कोटी डॉलरपुढील उत्पन्नावर २५ टक्के आणि ५ कोटी डॉलरपुढील उत्पन्नावर २० टक्के. ही सवलत ज्यांना स्वतःचे दुकान काढणे परवडत होते त्यांनाच मिळाली. छोट्या निर्मात्यांना ३० टक्केच राहिले. मोठ्या व्यापाऱ्याला सूट आणि लहानाला पूर्ण दर, हा न्याय बाजारपेठेला नवा नाही.

एपिकने दरावर विसंबून न राहता प्रकाशकांशी एकाधिकाराचे करार केले. ‘मेट्रो एक्सोडस’ची स्टीमवर आगाऊ नोंदणी चालू असतानाच, जानेवारी २०१९ च्या अखेरीस, डीप सिल्व्हर या प्रकाशकाने तो एका वर्षासाठी केवळ एपिककडे विकला जाईल असे जाहीर केले. अमेरिकेत किंमत ६० वरून ५० डॉलरवर आली, म्हणजे अडतीतील बचतीचा काही भाग ग्राहकाला मिळाला. तरीही खेळाडूंचा रोष एवढा होता की या मालिकेतील जुन्या खेळांवर स्टीममध्ये प्रतिकूल अभिप्रायांचा भडिमार झाला. दहा डॉलर वाचत असताना ग्राहक रागावतो, ही बाब अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठात बसत नाही. आपला संग्रह दोन ठिकाणी फुटणे त्याला दहा डॉलरहून महाग वाटले, हेच तिचे स्पष्टीकरण संभवते. शिवाय एपिकच्या दुकानात एकाच वेळी अनेक खेळ घेण्यासाठी लागणारी साधी टोपलीसुद्धा डिसेंबर २०२१ पर्यंत नव्हती!

अशा करारांची किंमत २०२१ मध्ये एपिक विरुद्ध अ‍ॅपल खटल्यातील कागदपत्रांतून उजेडात आली. ‘बॉर्डरलँड्स ३’ या एका खेळाच्या सहा महिन्यांच्या एकाधिकारासाठी एपिकने सुमारे १४.६ कोटी डॉलर मोजले होते. त्यांतील ८ कोटी ही विक्रीची किमान हमी होती. प्रकाशकाच्या दृष्टीने येथे १२ की ३० टक्के हा प्रश्नच उरला नाही. खेळ खपो वा न खपो, ठरलेली रक्कम हाती येणार होती. एकाधिकाराची मुदत संपताच दोन्ही खेळ २०२० मध्ये स्टीमवर आले.

पोलंडमधील सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये सुरू केलेला ‘जीओजी’ हा मार्ग तत्त्वतः वेगळा आहे. तेथे घेतलेला खेळ कोणत्याही कुलपाविना ग्राहकाच्या संगणकावर राहतो. जुन्या खेळांच्या जतनासाठी त्याचे महत्त्व मोठे आहे. परंतु नकलेची धास्ती असलेले मोठे प्रकाशक नवे खेळ तेथे देण्यास सहसा तयार होत नाहीत.

सीमा, किंमत आणि छोटे निर्माते

वितरणमार्ग निवडताना प्रकाशक देशोदेशीच्या किमतीही वेगळ्या ठेवू पाहतो. पूर्व युरोपात स्वस्त घेतलेला खेळ पश्चिम युरोपात चालू नये यासाठी सांकेतिक किल्ल्यांवर प्रादेशिक बंधने घातल्याबद्दल युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना एकूण ७८ लाख युरोंचा दंड केला. चौकशीत सहकार्य केलेल्या प्रकाशकांना दंडात सूट मिळाली. सहकार्य नाकारणाऱ्या व्हॉल्व्हला १६ लाख युरो भरावे लागले. भारतातील ग्राहकास स्टीमवर रुपयांत किंमत दिसू लागली ती नोव्हेंबर २०१५ पासून.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे उदाहरण छोट्या निर्मात्यांची स्थिती दाखविते. भारतीय पुराणकथांवर आधारित ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’साठी २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न अयशस्वी झाल्यावरही तिने काम सोडले नाही. हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये स्टीमवर आला. अशा संस्थेला स्वतःचे दुकान काढण्याचा वा अडतीवर घासाघीस करण्याचा पर्याय नसतो. पुण्यातील खेळ ब्राझील किंवा जपानमधील खेळाडूच्या नजरेस पडावा, ही तिची निकड असते, आणि मार्च २०२५ मध्ये एकाच वेळी ४ कोटींहून अधिक लोक ज्या स्टीमवर हजर होते, तिला टाळून ती भागत नाही.

हीच निकड पुन्हा न्यायालयापर्यंत गेली. ‘हम्बल बंडल’ या स्वस्त संचविक्रीचा २०१० मध्ये आरंभ करणाऱ्या वुल्फायर गेम्स या छोट्या संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये व्हॉल्व्हविरुद्ध दावा दाखल केला. कमी अडत घेणाऱ्या दुकानात खेळ कमी किमतीला विकू पाहणाऱ्या निर्मात्याला स्टीम रोखते आणि त्यामुळे स्वस्त दुकानाचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचत नाही, असा तिचा आरोप आहे. व्हॉल्व्हने तो नाकारला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये या दाव्याला समूहदाव्याचा दर्जा मिळाला. तो देणारे न्यायालय सिएटलचे, जेथे २००२ मध्ये व्हॉल्व्ह आपल्या वितरकाविरुद्ध वादी म्हणून उभी होती.