गोधडी : घराघरांतील एक अलिखित बखर

इतिहास म्हटला की गड, तह आणि ताम्रपट आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. मोडी दप्तरांतील कागद ज्या कापडात बांधून ठेवीत, त्या बासनाला ‘रुमाल’ म्हणतात. असे रुमाल संशोधक आदराने उलगडतात. आपल्या आज्यांनीही जुनी वस्त्रे अशीच कापडात बांधून ठेवली होती. परंतु त्या गाठोड्यांना दप्तराचा मान कधी मिळाला नाही.

गोधडी, वाकळ, चौघडी, तान्ह्या बाळाचे दुपटे ही सारी एकाच कुळातील मंडळी. संस्कृतात चिंध्या जोडून केलेल्या वस्त्राला ‘कन्था’ म्हणत, आणि ती विरक्ताची खूण मानली जाई. आपल्याकडे गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) त्यांच्या अंगावरील ठिगळांच्या वस्त्रामुळे लोक ‘गोधडे महाराज’ म्हणू लागले. संसाऱ्यांच्या घरी मात्र गोधडी ही वैराग्याची नव्हे, तर काटकसरीची निशाणी होती. कापड महाग, मिळकत तुटपुंजी. तेव्हा विरलेले वस्त्र टाकून देणे कोणालाच परवडणारे नव्हते.

नऊवारी लुगडे नेसण्याजोगे उरले नाही, की त्याचे धडके भाग निराळे काढीत. धोतरांचे तुकडे, सदऱ्याच्या पाठी, परकराचे घेर धुऊन, वाळवून गाठोड्यात जात. गाठोडे पुरेसे भरले, की उन्हाळ्यातील एखाद्या दुपारी सारवलेल्या अंगणात लुगडे अंथरावयाचे, त्यावर चिंध्यांचे थर नीट बसवावयाचे, वर दुसरे लुगडे घालून कडेपासून धावदोरा भरीत आत आत यावयाचे. शेजारणी चार बाजूंनी बसत. हात चालत आणि तोंडेही. पुढे वर्षानुवर्षे नवरात्रापूर्वी त्या गोधड्या नदीवर धुतल्या जात. वरचे कापड विरले, की त्यावर नवे लुगडे चढे आणि जुने आत राही. अशा गोधडीची शिवण उसवली, तर एकाखाली एक पिढ्यांचे थर सापडतात.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीबरोबर प्रांत बदलतो, आणि मग ध्यानात येते की ही विद्या केवळ आपली नव्हे. बंगालमध्ये ‘कन्था’ची ‘कांथा’ झाली. सोळाव्या-सतराव्या शतकांत हुगळीकाठच्या सातगाव परिसरात पोर्तुगिजांसाठी रेशमी भरतकामाच्या रजया तयार होत आणि जहाजांतून युरोपात जात. तथापि खेड्यातील कांथा जुन्या साड्यांचीच राहिली. तिच्यासाठी रंगीत दोराही साडीच्या काठातूनच उकलून घेत. या कलेकडे विद्वानांचे लक्ष वेधले ते स्टेला क्रामरिश यांच्या १९३९ मधील लेखाने. त्याहीपूर्वीपासून एक सनदी अधिकारी, गुरुसदय दत्त (१८८२–१९४१), जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरताना कांथा गोळा करीत होते. त्यांच्या संग्रहाचे संग्रहालय १९६३ साली कलकत्त्याजवळ जोका येथे उघडले. खुलन्याच्या मानदासुंदरी दासी यांनी आपल्या वडिलांसाठी भरलेली कांथा त्याच संग्रहातील. तीवर त्यांनी स्वतःचे नावही टाक्यांनी लिहून ठेवले आहे.

बिहारमध्ये हीच ‘सुजनी’ होते. मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावात १९८८ नंतर तिचे पुनरुज्जीवन झाले आणि स्त्रिया तीवर हुंडा, शिक्षण असे विषय भरू लागल्या. कारवारच्या घाटमाथ्यावर, यल्लापूर-हल्याळच्या रानांत, सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. त्यांचे कित्येक पूर्वज पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून आफ्रिकेतून गोव्यात आणले होते आणि तेथून निसटून ते या रानांत आले. त्यांच्या कवंदीच्या चारही कोपऱ्यांना घडीच्या चिंध्यांची ‘फुले’ लावल्याखेरीज ती पुरी झाली असे मानीत नाहीत. दारिद्र्यानेही सौंदर्याचा हट्ट सोडलेला नाही, एवढे त्या चार फुलांवरून समजावे.

मग आपली गोधडी मागे का पडली? गिरणीचे कापड स्वस्त झाले. कृत्रिम धाग्यांच्या साड्या आल्या. त्या विरत नाहीत आणि घामही टिपत नाहीत, त्यामुळे गोधडीला निरुपयोगी. दारावर बोहारीण आली आणि जुन्या लुगड्यांच्या बदल्यात स्टीलची चकचकीत पातेली देऊन गेली. पातेले रोजच्या कामाचे, त्यामुळे त्या सौद्यास कोणी नावे ठेवू नयेत. आपल्यासारख्या परप्रांतीयांच्या घरी आणखी एक कारण घडले. प्रत्येक बदलीच्या वेळी सामान कमी करावयाचे असते आणि प्रथम वगळले जाते ते गाठोडेच.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षांची इतिवृत्ते जपली. त्यांत अध्यक्ष आहेत, कार्यवाह आहेत, नाटकांतील पात्रेही आहेत. हळदीकुंकवाला सतरंज्या घालणाऱ्या भगिनींची नावे मात्र क्वचितच सापडतात. गोधड्यांचे तसेच झाले. मानदासुंदरींनी नाव भरून ठेवले. आपल्या आज्यांनी ते केले नाही, म्हणून ते काम आपल्याकडे आले आहे. सभासद भगिनींना आणि बंधूंनाही विनंती एवढीच, की घरात एखादी जुनी गोधडी उरली असेल, तर तिला ऊन दाखवावे, मऊ सुती कापडात कडुनिंबाच्या पाल्यासह गुंडाळून ठेवावे, घडी अधूनमधून बदलावी. आणि सुती फितीवर शाईने नव्हे, दोऱ्याने लिहावे : कोणी शिवली, कोठे, कोणत्या साली, आणि आत कोणाकोणाची वस्त्रे आहेत. ज्या माणसांना ही नावे ठाऊक आहेत, ती आज ऐंशीच्या घरात आहेत. विचारावयाचे असेल तर आताच विचारले पाहिजे.