मेक्लेनबर्ग काउंटीतील २८७(जी) करार

मेक्लेनबर्ग काउंटीतील २८७(जी) करार हा अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील या काउंटीचे शेरीफ कार्यालय आणि 'आयसीई' ही संघीय यंत्रणा यांच्यातील सहकार्य करार होता. शार्लट हे या काउंटीतील प्रमुख शहर होय.

पार्श्वभूमी

१९९६ साली कायद्यात समाविष्ट झालेल्या कलम २८७(जी) अन्वये प्रशिक्षित स्थानिक अधिकाऱ्यांना स्थलांतरविषयक काही अधिकार देता येतात. मेक्लेनबर्गच्या तुरुंगात आणलेल्या व्यक्तींची अशी चौकशी २००६ पासून होत असे. गुन्हेगार हुडकण्यास ती उपयुक्त असल्याचे समर्थक म्हणत. तर किरकोळ अटकेतूनही हद्दपारी ओढवत असल्याने स्थलांतरित पोलिसांकडे तक्रार नेण्यास कचरतात, असा विरोधकांचा आक्षेप होता.

निवडणुकीतील आश्वासन

माजी पोलीस अन्वेषक गॅरी मॅकफॅडन यांनी २०१८ च्या प्रचारात करार रद्द करण्याचे आश्वासन दिले. मे महिन्यातील डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीत कराराचे समर्थक, तत्कालीन शेरीफ अर्विन कारमायकल पराभूत झाले. डिसेंबरमध्ये पदभार स्वीकारताच मॅकफॅडन यांनी करार संपुष्टात आणला.

परिणाम

शेरीफांना आयसीईशी सहकार्य सक्तीचे करणारे विधेयक राज्यपाल रॉय कूपर यांनी २०१९ मध्ये नकाराधिकार वापरून रोखले. २०२४ मध्ये मात्र विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार डावलून तशा आशयाचा कायदा संमत केला. त्यामुळे मतदारांना दिलेल्या या आश्वासनाची व्याप्ती मर्यादित झाली.