मुंबईचा चोर बाजार : जुन्या वस्तूंची खरेदी आणि कायदा

दक्षिण मुंबईतील भेंडी बाजाराला लागून असलेला चोर बाजार जुने फर्निचर, दिवे, घड्याळे आणि तांब्या-पितळेची भांडी यांच्या खरेदी-विक्रीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. सुमारे दीडशे वर्षे जुन्या मानल्या जाणाऱ्या या बाजाराचे केंद्र मटण स्ट्रीट या रस्त्यावर आहे. ग्रँट रोड आणि सँडहर्स्ट रोड ही जवळची रेल्वे स्थानके होत. जुन्या कलावस्तूंची दुकाने सामान्यतः शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुन्या वस्तूंचा वेगळा बाजार भरतो.

या बाजाराचे मूळ नाव गोंगाटामुळे 'शोर बाजार' असे होते आणि इंग्रजांच्या उच्चारामुळे त्याचा 'चोर बाजार' झाला, असे सांगितले जाते. पुण्यात मंगळवार पेठेतील जुना बाजारही याच स्वरूपाचा असून तो रविवारी आणि बुधवारी भरतो.

वस्तू कोठून येतात?

जुने वाडे, बंगले आणि चाळी पाडल्या जातात, तेव्हा त्यांतील दारे, खिडक्या, पलंग, कपाटे आणि आरसे भंगार व्यापाऱ्यांमार्फत बाजारात पोहोचतात. इराणी हॉटेले बंद पडल्यानंतर तेथील संगमरवरी टेबले आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्याही विक्रीस आल्या. लाकूड वाफेवर मऊ करून वाकवण्याचे हे तंत्र मायकेल थोनेट यांनी विकसित केले आणि १८५९ पासून व्हिएन्नातील त्यांच्या कंपनीच्या खुर्च्या जगभर गेल्या. मुंबईतील जोगेश्वरी-ओशिवरा भागातही जुन्या सागवानी फर्निचरचा मोठा व्यापार चालतो. तेथे जुन्या लाकडापासून नवे फर्निचरही बनवले जाते. असे फर्निचर टिकाऊ असले, तरी त्याला 'जुने' म्हणता येत नाही.

पारख कशी करावी?

फर्निचरची दर्शनी बाजू पाहून वय ठरवू नये. खण पूर्ण बाहेर काढून त्याची मागची व खालची बाजू तपासावी. हाताने केलेल्या कामात सांधे थोडे असमान असतात आणि रंध्याच्या खुणा बोटांना जाणवतात. चौफुली खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकानंतर प्रचारात आले. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या म्हणवल्या जाणाऱ्या कपाटात ते आढळल्यास दुरुस्ती झाली आहे किंवा वस्तू नवी आहे, असे समजावे. लाकडाच्या छिद्रांतून ताजा भुसा पडत असेल, तर कीड जिवंत आहे. असे फर्निचर उपचार केल्याशिवाय घरात आणू नये.

पितळ चुंबकाला चिकटत नाही. मुलामा दिलेले लोखंड या साध्या चाचणीत उघडे पडते. पितळेच्या जुन्या भांड्यात स्वयंपाक करण्यापूर्वी कल्हई करून घेणे आवश्यक आहे. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भाग एवढे मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेला पाळणा किंवा खेळणी लहान मुलांना वापरण्यास देऊ नयेत.

पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन आणि जुन्या जाहिरातींचे पत्रे यांच्या नकला मोठ्या प्रमाणावर बनतात. छत्तीसगडमधील बस्तरच्या ढोकरा मूर्तींबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. मेण वितळवून केलेल्या या ओतकामात प्रत्येक वेळी साचा फोडावा लागत असल्याने दोन मूर्ती तंतोतंत सारख्या होत नाहीत. ही कला आजही जिवंत आहे. कोंडागाव परिसरातील कारागिरांची नवी मूर्ती नवी म्हणून घेण्यात कमीपणा नाही, मात्र काळपट लेप देऊन तीच पुरातन म्हणून विकली जात असेल तर ती फसवणूक ठरते.

कायदा काय सांगतो?

पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मुदत ७५ वर्षांची आहे. पुरावस्तूंचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो. धातू, दगड व लाकूड यांतील मूर्ती आणि चित्रे अशा अधिसूचित प्रकारांची नोंदणी बंधनकारक आहे. खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातील नातेवाइकांसाठी जुनी दिसणारी वस्तू पाठवायची असल्यास, ती पुरावस्तू नसल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे प्रमाणपत्र आधी घ्यावे. हस्तिदंताच्या व्यापारावर वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये बंदी आहे.

चोरीची वस्तू जाणूनबुजून किंवा तसे मानण्यास कारण असताना अप्रामाणिकपणे घेणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ लागू आहे. मंदिरातील मूर्ती, समया किंवा प्रभावळ अशा वस्तूंबाबत विशेष दक्षता घ्यावी. विक्रेत्याचे नाव, वस्तूचे वर्णन आणि किंमत असलेली पावती मागावी. पावती देण्यास नकार मिळाल्यास व्यवहार टाळणे इष्ट.

बदलता परिसर

भेंडी बाजाराच्या सुमारे साडेसोळा एकर क्षेत्राच्या पुनर्विकासासाठी २००९ मध्ये सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या प्रकल्पामुळे परिसरातील जुन्या इमारती पडून उंच मनोरे उभे राहू लागले आहेत. ज्या प्रकारच्या घरांतून या बाजारात वस्तू येत, तशी घरे शहरातून कमी होत आहेत. त्यामुळे अस्सल वस्तू दुर्मीळ आणि नकला अधिक, हे चित्र पुढील काळात अधिक ठळक होण्याची शक्यता आहे. घरातील जुना पलंग किंवा पितळी डबा भंगारात देण्यापूर्वी त्याची पारख करून घेणे, हाही या बाजारापासून घेण्यासारखा धडा आहे.